चाळीस मिनिटं

टॉइवोनं फासे टाकले आणि कंपनीच्या संगणकाचं तिसरं कुलूप फोडलं. अजून चार बाकी होती. लोर्ना आणि तिचा नवरा वेंडेल खुर्च्या मागं सारून स्वयंपाकघरात निघून गेले.

आर्विडनं घड्याळाकडं पाहिलं. आजही चाळीस मिनिटं जाणार.

खेळ त्यानंच रचला होता. टेबलाभोवती बसून, बोलून आणि फासे टाकून खेळायचा. पुढच्या शतकातलं एक अंधारं शहर, त्यावर राज्य करणाऱ्या कंपन्या आणि त्यांना लुटणारी तिघांची टोळी. टॉइवो टोळीतला हॅकर. तो संगणकात शिरला की बाकी दोघांना कामच उरत नसे. दोन वर्षं आर्विड हा एकच नियम दुरुस्त करत होता. दिवसा शाळेत गणित शिकवायचा, घरी आला की फाशांच्या शक्यतांचे तक्ते मांडायचा. कुलपं कमी केली की हॅकर सगळ्यांना भारी पडे. वाढवली की तो एकटाच खेळत बसे. खिडकीबाहेरचा तलाव गोठला, वितळला, पुन्हा गोठला. आठ मसुदे झाले. प्रकाशकानं मार्चअखेरची मुदत दिली होती, आणि आर्विडला आता स्वतःच्याच खेळाचा वीट आला होता.

"बिचारी माणसं पळून जातात रे," टॉइवो म्हणाला. "मला मजा येते म्हणून काय झालं?"

"माहीत आहे मला," आर्विड म्हणाला. ते दोघं उठून गेले की दर वेळी त्याला शरमल्यासारखं व्हायचं.

पुढच्या शनिवारी त्यानं नववा मसुदा टेबलावर ठेवला. आता टॉइवो कुलूप फोडत असतानाच लोर्नाला पहारेकरी अडवायचे होते आणि वेंडेलला वीज चालू ठेवायची होती. एकाचा फासा चुकला की तिघंही गोत्यात. सगळं सहा मिनिटांत आटोपलं. कुणीही जागचं हललं नाही.

टॉइवोनं टेबलावर मूठ आपटली. "जमलं की रे, म्हाताऱ्या!"

साडेचारलाच खेळ संपला. "छान झालं," म्हणत लोर्नानं कोट चढवला आणि ती आपली गाडी काढून गेली. वेंडेल अंगणात त्याच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत राहिला. काच स्वच्छ झाली तरी खरवडतच होता. आर्विड बाहेर आला.

"आवडलं नाही का तुला?"

"उत्तम आहे. खरंच सांगतो, छापून टाक." वेंडेलनं हातमोजे झटकले. "लोर्ना ऑक्टोबरपासून बहिणीकडं राहते. तुला बोललो नव्हतो."

ते दोन गाड्यांतून येतात हे आर्विडनं पाहिलं होतं. त्याचा विचार मात्र कधी केला नव्हता.

"बोलायचं ठरवून समोरासमोर बसलो ना, की पाच मिनिटांत वकिलापर्यंत जातं," वेंडेल म्हणाला. "तुझ्या स्वयंपाकघरात तसं काही ठरवलेलं नसतं. टॉइवोचं संपायची वाट बघायची, कॉफी ढवळायची. मग बोलणं होतं आपोआप. मागच्या शनिवारी हसलीसुद्धा." तो गाडीत बसला. "तू नको मनाला लावून घेऊस. खेळ खेळासारखाच हवा."

त्या संध्याकाळी आर्विडनं नववा मसुदा प्रकाशकाला पाठवून दिला. दोन वर्षांचं काम हातावेगळं झालं होतं, तरी त्याला नुसता थकवाच जाणवला. मग त्यानं खणातून आठव्या मसुद्याचे चुरगळलेले कागद काढून सरळ केले.

पुढच्या शनिवारी ते पाहून टॉइवोनं कपाळाला हात लावला.

"अरे, हा जुना नियम! इतकी मरमर करून नवा केलास, त्यात काय बिघडलं आता?"

आर्विडनं लोर्नाकडं पाहिलं नाही, वेंडेलकडंही नाही.

"फार लवकर संपतो," तो म्हणाला, आणि त्यानं टॉइवोसमोर अकरा कुलपं मांडली.