माळावरची खूण

जोतिरामचा जहाजावरून फोन आला, तेव्हा राजाबाई सांगोल्याच्या घरी अंगणातल्या चुलीवर भाकरी करत होती.

"आई, हितं आभाळात उजेड दिसतोय. एक मोठा दिवा पुढं आन् त्याच्या मागं बारकं बारकं लई दिवं. समदी डेकवर येऊन बघायलीत. पर रडारवर काय बी न्हाय."

"इमान असंल की."

"इमान असं चालतंय व्हय? मागचं एखादं बारकं पांगलं की मोठा दिवा थांबतोय. ते ओळीत आलं की पुन्हा पुढं. आन् मगाशी तर त्यानं तीनदा उघडझाप केली."

राजाबाईचा हात थांबला. जोतिरामचे वडील येडू रोज माळावरून बॅटरी तीनदा दाखवायचे. मेंढरं घेऊन येऊ का, असं ते विचारणं असायचं. घरून जोतिराम बॅटरी एकदा दाखवायचा, मग ते निघायचे. माणगंगेच्या पुरात ते कळपासकट वाहून गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

"जोत्या, त्याला बॅटरी दाखवू नगंस."

"दाखवली की! सवयीनं हातच उचलला गं. तवापासनं ते जवळ यायला लागलंय. आई, तुझ्या मागं कुणाची मेंढरं हायत का? गळ्यातल्या घंट्या ऐकू येत्यात."

राजाबाईने मोकळ्या अंगणाकडे पाहिलं.

"हितं कुटली मेंढरं, लेकरा?"

आता घंट्या तिलाही फोनमधून ऐकू येत होत्या.