सरळ केलेली रेघ

"हा खड्डा पूस," सितोरुससाहेब म्हणाला आणि जुवैरियाच्या पडद्यावर बोट टेकवलं.

पडद्यावर समुद्राखालच्या खडकातून आवाज किती वेगानं जातो त्याची ठिपक्याठिपक्यांची रेघ होती. खाली जावं तसा खडक दाबला जातो, आवाज जोरात पळतो आणि रेघ उजवीकडे सरकत जाते. हे आमच्या तेल कंपनीच्या बालिकपापानच्या कचेरीतला शिपाईसुद्धा सांगेल. पण जुवैरियाची रेघ खोलवर एका जागी चक्क मागे फिरली होती.

"खड्डा नाही साहेब, तो थर आहे. आत पाणी आणि गॅस कोंडलाय, म्हणून आवाज रेंगाळतोय. आधी आपण अर्ध्या अर्ध्या किलोमीटरवर वेग मोजला, त्यात हा सुटला. या वेळी मी पावलापावलावर मोजलाय."

"बाह! प्रतिध्वनी असेल. समुद्राच्या तळावर दोनदा आपटून उशिरा आलेला."

"प्रतिध्वनी काढून टाकले आणि मगच मोजला. पुन्हा पुन्हा मोजला."

"मग अजून एकदा मोज, म्हणजे जाईल."

सितोरुस बताक जमातीचा माणूस. आवाज मोठा, तोंड फाटकं, पण मनाचा वाईट नाही, असं सगळे म्हणायचे. आम्हीही म्हणायचो.

"साहेब, उद्या सकाळी ड्रिल तिथं पोचेल. भोकात जो चिखल भरताहेत तो हलका आहे, एवढा दाब नाही रोखणार. कुकर फुटावा तसं होईल. वर समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर माणसं आहेत हो! एक दिवस थांबवा, जड चिखल भरू द्या. एवढंच म्हणतेय मी."

"आणि जाकार्ताच्या मोठ्या कचेरीला काय सांगू? एका बाईच्या ठिपक्यांपायी सगळा प्लॅटफॉर्म उभा ठेवा म्हणून? वरून मंजुरी आलीय. माझी नोकरी गेली तर तू पोसणार मला?"

त्यानं तिच्या हातातला माउस घेतला, मागे फिरलेले ठिपके उचलून पुढे ठेवले आणि फाइल प्लॅटफॉर्मवर पाठवून दिली. रेघ दिसायला अगदी सुरेख झाली. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलेल्याला दाखवणार तरी काय!

थोड्या वेळानं जुवैरिया तोंडावर पाणी मारायला बाहेर आली. जिन्यात साहेब पाठमोरा उभा राहून फोनवर बताकीत बोलत होता. इतकी वर्षं शेजारी बसून तिला ती बोली कळायला लागली होती, हे त्याच्या ध्यानात कधी आलंच नव्हतं.

पलीकडे त्याचा थोरला मुलगा होता, तोगी. त्याच प्लॅटफॉर्मवर पंपाच्या कामाला.

"ऐक बाळा. डॉक्टरला सांग, पोटात दुखतंय. लोळ हवं तर. दुपारच्या हेलिकॉप्टरनं किनाऱ्याला ये. उद्या नाही, आजच! तुझ्या आईची शपथ आहे तुला. आणि कुणाजवळ बोलू नकोस."

फोन ठेवून तो वळला, तर समोर जुवैरिया. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आणि बाकीची पोरं, साहेब?"

तो तिच्या बाजूनं अंग चोरून वर जाता जाता म्हणाला,

"त्यांचे बाप या कचेरीत नाहीत."