नंदनचं रक्त

बचावनौकेच्या धक्क्यावरच्या फाटकाने वैजयंतीचं बोट टोचलं आणि लाल दिवा लावला. कित्येक वर्षं तिने हीच नौका चालवली होती. पण तेव्हा तिचं रक्त ओ गटाचं होतं, म्हणजे सरकारदरबारी ती धाडसी होती. मग तिला रक्ताचा कर्करोग झाला. धाकट्या भावाने, नंदनने, आपली अस्थिमज्जा दिली म्हणून ती वाचली, पण त्या मज्जेबरोबर त्याचा ए गटही तिच्या अंगात आला.

"ए गटाची माणसं ऐन वेळी कचरतात, बाई. तुमच्या हाती सुकाणू देता येत नाही," बंदर अधिकारी आचरेकर म्हणाले. समोर खडकांपाशी मच्छीमारांची होडी कलंडत होती आणि दुसरा चालक अजून वाटेतच होता. आचरेकरांचा आवाज उतरला. "खरं सांगा, भीती वाटते?"

पूर्वी ती हसली असती.

"वाटते," ती म्हणाली. "नंदनलाही वाटत होती. सुई बघूनच त्याला भोवळ आली. शुद्धीवर आला आणि मुकाट्याने पुन्हा टेबलावर जाऊन झोपला. हे त्याचंच रक्त आहे."

आचरेकरांनी होडीकडे पाहिलं आणि स्वतःचं बोट टोचून फाटक उघडलं.

ती परतली तेव्हा होडीतले तिघेही मच्छीमार तिच्या नौकेत कुडकुडत बसले होते. पाण्याला बिचकणारा नंदन दोर झेलायला धक्क्याच्या पायऱ्या उतरून कमरेइतक्या पाण्यात उभा होता.

"ताई, घाबरलीस?"

"खूप," ती म्हणाली, आणि असं सांगताना आयुष्यात पहिल्यांदाच तिला लाज वाटली नाही.