डॉक्टरांची सही

टीव्हीवाली बाई फाटकापाशी येऊन थांबली होती आणि डॉ. रघुवीर देवस्थळी आरशासमोर टाय निवडत होते.

"निळा बरा, की मरून?"

सुचेता खिडकीतून शेजारच्या घराकडे बघत होती. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या त्या शांत गल्लीत एवढ्या एकाच घराला पोलिसांनी पट्टी बांधली होती. तिथला तेवीस वर्षांचा मुलगा परवा शॉटगन घेऊन आपल्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत गेला आणि अभ्यासाला बसलेली पाच मुलं त्याने मारली. शेवटची गोळी स्वतःला घातली. त्याचं नाव दोन दिवस सगळ्या जगाच्या तोंडी आहे, ते इथे पुन्हा लिहून तोंड विटाळायची गरज नाही. पाचांमधली एक वरदा होती, मराठी मंडळातल्या परीक्षित-मंजिरीची एकुलती मुलगी.

"अकराला मंजिरीकडे जायचंय," सुचेता म्हणाली. "तिला तुम्ही सांगणार, की मी सांगू?"

"काय सांगायचंय त्यात? एक साधा फॉर्म होता."

"मग पोलिसांना तरी आपणहून फोन करा."

"ते येतील तेव्हा बघू. अगं, नॅशनल न्यूज आहे, जाऊन येतो. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम. दीड वर्षापूर्वीही ते हेच म्हणाले होते. शेजारचा मुलगा बंदुकीच्या लायसन्सचा फॉर्म घेऊन आला होता, त्याला एका प्रतिष्ठित माणसाची शिफारस हवी होती. आता सही मागायला कोणी दारात आलं की डॉक्टरांचं काही चालत नसे. नागपुरात सरकारी नोकरीत असताना त्यांनी गावभरच्या मार्कशीटवर 'ट्रू कॉपी' म्हणून डोळे मिटून सह्या ठोकल्या होत्या. इथे मंडळातल्या निम्म्या पासपोर्ट फोटोंमागे ओळख पटवणारी त्यांचीच सही. वरदाच्या पहिल्या फोटोमागेसुद्धा.

सुचेताने त्यांना आत बोलावून सांगितलं होतं, "नका देऊ हो. मागे गार्डनमध्ये छर्‍याच्या बंदुकीने कबुतरं पाडतो तो. मरत नाहीत त्यांना बुटाने चिरडतो. आईच्या अंगावर सुरी घेऊन धावताना मी बघितलंय त्याला."

"आपण परक्या देशात राहतो. नेबर्सशी वाकडं कशाला घ्यायचं?" असं म्हणून डॉक्टर बाहेर गेले आणि 'याला चार वर्षं चांगला ओळखतो, स्वभावाने शांत' अशा मजकुराखाली त्यांनी सही केली. चष्मा शोधायचेही कष्ट घेतले नाहीत.

आठवड्याने त्या मुलाकडून व्हिस्कीची बाटली आली, गळ्यात छोटं कार्ड अडकवलेली. ती महिनाभर दर्शनी कपाटात मिरवली. "शेजारच्या गोऱ्याने दिली," असं डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. दिवाळीला अर्धी संपली. पहिला ग्लास त्यांनी परीक्षितला भरून दिला होता.

आज डॉक्टरांनी शेवटी मरून टाय बांधला आणि ते बाहेर गेले. टीव्हीवाल्या बाईने क्लिपबोर्ड पुढे केला. चित्रीकरण दाखवायला त्यांची परवानगी आहे, असा कागद होता, चांगला दोन पानी. बाई म्हणाली, सावकाश वाचा. डॉक्टर हसले, खिशातलं पेन काढलं आणि झोकात सही केली.

"तुम्ही त्याला ओळखत होतात?" कॅमेरा सुरू झाल्यावर तिने इंग्रजीत विचारलं.

"छे! नुसतं कुंपणावरून गुड मॉर्निंग. आमचा काहीच संबंध नव्हता," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी रुमाल काढला. "पण वरदा... वरदा मला मुलीसारखी होती."

डोळे कोरडे ठणठणीत होते. तरी ते पुसले.

सुचेता दारात उभी राहून हे ऐकत होती. सदतीस वर्षं या माणसाच्या ताटाला ताट लावून आपण जेवलो, याची तिला शिसारी आली. ती आत गेली, कपाट उघडून ती बाटली घेतली आणि तशीच अनवाणी बाहेर येऊन तिने ती डॉक्टरांच्या पुढ्यात, फाटकाच्या भिंतीवर ठेवली. बाटलीच्या गळ्यात अजून ते छोटं कार्ड लोंबत होतं.

"अगं, हे काय? आत जा," डॉक्टर मराठीत पुटपुटले.

"दिवाळीत सगळ्यांना दाखवत होतात ना? आज यांनाही दाखवा."

टीव्हीवाल्या बाईने कार्ड सुलटं केलं. कॅमेरा जवळ आला. तिने मोठ्याने वाचलं, "माझ्या बंदुकीसाठी शब्द टाकल्याबद्दल आभार, डॉक." खाली नाव होतं. तेच नाव.

डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. "हे दाखवू नका," ते इंग्रजीत म्हणाले. "प्लीज. मला पोलिसांशी बोलायचंय आधी. माझे मित्र बघतील हे. त्या मुलीचे आईवडील बघतील. माझी परवानगी नाही, समजलं?"

टीव्हीवाल्या बाईने क्लिपबोर्डवरचं दुसरं पान उलटून त्यांच्यापुढे धरलं. तळाशी त्यांची वळणदार सही होती.

"तुम्ही वाचूनच सही केलीत ना, डॉक्टर?" तिने विचारलं.