विरी गेलेला शाळू

शिवांजलीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तिचा हात थांबला. सुटायच्या आधी तुकडा जरासा ताणला गेला होता.

शाळूची, म्हणजे ज्वारीची भाकरी ताणत नसते, ती मोडते. त्यातून हा शाळू गेल्या सालचा. पिठाची विरी गेलेली, चिकटपणा उरला नव्हता. थापायला घेतलं की कडा फाटून नकाशा व्हायचा. सासूबाईंच्या, बनाबाईंच्या हातची भाकरी मात्र गोल, गुळगुळीत, टम्म फुगलेली.

"खा की. काय बघतीस?" बनाबाई चुलीपुढनं म्हणाल्या.

"खाते, आत्या."

बनाबाई तव्याकडं वळल्या तसा तिनं तुकडा पदराखाली घेतला.

गव्हाचं आणि तिचं जमत नव्हतं. चपाती खाल्ली की पोट नगाऱ्यासारखं व्हायचं, तोंड यायचं, विंचरताना केस हातात यायचे. शेवटी वडूजच्या मावशीनं सांगितलं, गहू सोडून बघ. सोडला आणि ती माणसात आली. मग तिनं हौसेनं सगळा स्वयंपाकच नवा मांडला. तांदळाच्या पिठाच्या चकल्या, नाचणीची धपाटी, शाळूच्या लाह्यांचा चिवडा, वरीचे आप्पे. घरातले बोटं चाटून खायचे आणि हात धुतल्यावर म्हणायचे, हे नखरे कशाला?

नवरा, धैर्यशील, त्यात सगळ्यात पुढं. अर्धा डबा चकल्या संपवूनच तो हा प्रश्न विचारायचा.

तिला बरं वाटायला लागून बरेच दिवस झाल्यावर पलूसला रक्त तपासलं. काहीच निघालं नाही. तेव्हापासून घरात तिच्या आजाराचं नाव 'नाटक' पडलं. भावकीतल्या लग्नात तिनं पुरणपोळी नको म्हटली आणि धैर्यशील भर मांडवात बोलला, "सांगलीच्या पोटाच्या डॉक्टरला एकदा दाखवू. तितंबी काय न्हाई निघालं, तर आपल्या घरात एकच पीठ मळायचं. न्हाईतर म्हायेरी वडूजला जाऊन ऱ्हायाचं."

माणसं हसली. बनाबाई नुसत्या बघत राहिल्या. सुनेच्या बाजूनं त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

संक्रांत झाल्यावर त्या गुडघे दाखवायला म्हणून लेकीबरोबर, मंगलबरोबर, सांगलीला जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिवांजलीपुढची परात ओढून घेतली.

"तुझ्या फाटत्यात. हितनं फुडं मी थापते."

शिवांजलीला तेव्हा केवढं बरं वाटलं होतं. सासूनं भाकरी करून घालायची म्हणजे काय साधी गोष्ट आहे?

शिमग्यापर्यंत पोट पुन्हा फुगायला लागलं.

"दुखतंय का गं?" बनाबाई रोज विचारायच्या.

"व्हय आत्या."

"आन् तोंड?"

"आलंय."

"लय?"

"पाणीसुदिक झोंबतंय."

त्या मान डोलवायच्या. ऊस वेळेत तुटून गेला की शेतकऱ्याच्या तोंडावर दिसतं, तसलं समाधान त्यांच्या तोंडावर असायचं. शिवांजलीला ते आधी कळलं नाही. आता तो ताणलेला तुकडा हातात धरल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी ती धुण्याची बादली घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गुपचूप उभी राहिली. बनाबाईंनी गव्हाच्या पिठाचा डबा उघडला. मूठ भरली. शाळूच्या पिठात सोडली. आणखी एक मूठ. मग पदरानं डब्याचं झाकण पुसून घेतलं.

"काय घालताय, आत्या?"

हात क्षणभर थबकला. "मीठ."

"मिठाचा डबा हिकडं हाय."

"मग साखर म्हण. जा, कापडं वाळत घाल. ऊन चाललंय."

शिवांजली गेली. एकेक कापड पिळून तिनं दोरीवर टाकलं. सांगायचं कुणाला? धैर्यशीलला सांगितलं तर तो म्हणणार, बघ, इतके दिस गहू खाऊनबी जिती हायस का न्हाई? सासूबाईंनी डाव असा टाकला होता की ओरडलं तरी आपणच खोटं पडावं.

सांगलीच्या डॉक्टरांकडं जायचा दिवस दोन दिवसांवर आला होता. तेवढे दिवस तिनं भूक नाही म्हणून ताकभातावर काढले आणि दोन साड्या पिशवीत घातल्या. डॉक्टरांपुढं, नवऱ्यापुढं, सगळं सांगायचं आणि दवाखान्यातूनच वडूजची एसटी धरायची. ह्या चुलीचं अन्न पुन्हा नको.

निघताना बनाबाई आधीच गाडीत बसलेल्या.

"तुमी कशाला, आत्या? गुडघं दुखतील."

"दुखू द्यात."

धैर्यशील आरशातून हसला. "आई, तू कुणाच्या बाजूनं गं?"

"रिपोर्टाच्या," बनाबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

पुढं सांगलीपर्यंत शिवांजलीनं मांडीवरची पिशवी घट्ट धरून ठेवली होती.

नंबर लागला. तिघंही आत गेली. डॉक्टरांनी कागद पुढं ओढायच्या आतच शिवांजली बोलायला लागली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"डॉक्टर, रक्त घ्यायच्या आधी मला एक सांगायचंय. ह्यांच्यासमोरच सांगायचंय. ह्या माझ्या सासूबाई—"

डॉक्टर तिच्या खांद्यावरून मागं बघत होते.

"अरे, आजी! आणलंत का सुनेला?"

धैर्यशील वळला. "आई? तुला हे कसं वळखत्यात?"

बनाबाईंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सुनेचा दंड धरून त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि तिची बाही वर सारली.

"तुमी मला म्हनला व्हता न्हवं डॉक्टर, गहू सोडल्याल्या माणसाच्या रगतात आजार घावत न्हाई म्हणून? तवापासनं हिच्या भाकरीत रोज गहू घालतीया, काळजावर धोंडा ठिवून. घ्या आता रगात, आन् काय निघंल ते माझ्या ह्या लेकाला तोंडावर सांगा."