नऊ लाखांचा दाखला

"उत्पन्न नऊ लाख? मग स्कॉलरशिप कशाला मागतोस?" कॉलेजच्या मॅडमनी दाखला परत सरकवला.

बाबा शाळेचे गणवेश शिवतात. पण उत्पन्न विचारायला समोर बसलेले तलाठी म्हणजे ताईचे होणारे सासरे. बाबांनी रुबाबात आकडा ठोकून दिला. मी शेजारीच होतो.

बाहेर येऊन फोन लावला. "बाबा, आठवड्यात फॉर्म बंद होतोय. तलाठ्यांना खरा आकडा सांगून दाखला बदलून आणा. नाहीतर माझं कॉलेज सुटेल."

पलीकडे शिलाई मशीन थांबलं. "व्याह्यांना सांगू? आता?"

फोनमध्ये बाबांच्या मागून ताई ओरडली, "बाबा, साखरपुड्याचा ब्लाऊज झाला का?"

"होतोय गं," बाबा म्हणाले. मशीन पुन्हा सुरू झालं. फोन तसाच चालू होता.