आधी साहेब फुंकणार

"आधी तुमी फुका, सायेब," चांगदेव म्हणाला आणि ट्रकच्या पायरीवर ऐसपैस बसला.

शिळफाट्याच्या नाक्यावर हा रिवाजच पडला होता. डॉ. भिवाजी तरे मानसशास्त्राचे प्राध्यापक. दारू, गोळ्या आणि हमरस्त्यावरचे अपघात यांचा ते नऊ वर्षं अभ्यास करत होते. पिवळ्या खड्यांची काचेची नळी पुढे केली की ट्रकवाले बिचकायचे. पोटात दारू असली तर फुंकरीने खडे हिरवे होत. म्हणून तरे आधी स्वतः नवी नळी घेऊन फुंकायचे. त्यांचे खडे पिवळेच राहायचे, मग समोरच्याची भीड चेपायची.

फुंकण्याआधी एकच प्रश्न असे: आत्ता गाडी चालवायला तुम्ही ठीक आहात का? ज्यांची नळी हिरवी व्हायची, तेही झाडून सगळे 'ठणठणीत' म्हणत. या उत्तराने तरेंचं डोकं उठलं होतं. सोमवारी सरकारला जायच्या अहवालात त्यांनी ठणकावून लिहिलं होतं: 'चालक जाणूनबुजून खोटं बोलतात. शिक्षा वाढवा.'

ते चांगदेवच्या कानावर गेलं होतं. मागच्या खेपेला त्याचीही नळी हिरवी झाली होती.

"मी खोटं बोललो न्हाई, सायेब. मला खरंच तसं वाटलं होतं. तेवढं खोटारडं म्हणू नका."

"अरे, अहवालात कुणाचंच नाव नाही."

"पर मला ठावं हाय न्हवं."

तरे हसले. असले बहाणे त्यांनी पुष्कळ ऐकले होते. आज खरं तर रविवार. दिवा गावी पुतणीची हळद आटोपून ते जीपने डोंबिवलीला घरी चालले होते. चांगदेवचा ट्रक दिसला म्हणून शेवटचा फॉर्म उरकायला थांबले. जीपमध्ये बायको कलावती होती, तिच्या मांडीवर लेक पेंगत होती. वाटेत कलावती दोनदा "हळू चालवा" म्हणाली होती. बायका म्हणायच्याच, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला होता.

"आज तूच विचार मला," म्हणत त्यांनी फॉर्म आणि पेन चांगदेवला दिलं.

चांगदेवने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, "आत्ता गाडी चालवायला तुम्ही ठीक आहात का?"

"ठणठणीत!" तरे म्हणाले आणि फुंकले.

खडे हिरवे झाले.

मांडवात घरातल्या थोरल्या आबांनी हातात दिलेले दोन पेले तेव्हा त्यांना आठवले. हळदीचे मानाचे पेले. त्या पेल्यांना नाही म्हणता येत नाही, आणि त्यांना दारू कुणी समजतही नाही. दिव्यापासून जीप कशी झोकात आणली, याचं तर त्यांना कौतुकच वाटत होतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चांगदेव हसला नाही. त्याने दुसरी नळी घेऊन फुंकली. ती पिवळीच राहिली.

"किल्ली द्या. पोरीला घरी सोडतो आन् येतो."

तरेंनी किल्ली दिली. चांगदेवने मात्र पेन अजून खाली ठेवलं नव्हतं.

"नळी हिरवी, जबाब ठणठणीत. म्होरं काय लिहू, सायेब? खोटं बोलले?"

"नको," तरे म्हणाले. "मला खरंच तसं वाटलं होतं."